‘सर्वांत विषारी कोण?’ – एका तक्त्याची तपासणी

गेल्या पावसाळ्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी गेलो होतो. ज्या वर्गात माझे व्याख्यान होते, त्याच्या भिंतीवर मुलांनी केलेला एक तक्ता लावलेला होता. मथळा होता ‘जगातील सर्वांत विषारी वायू’. खाली टाबुन, सरिन, सोमन, व्हीएक्स, नोव्हिचोक अशी नावे चढत्या क्रमाने, प्रत्येकापुढे एक आकडा आणि आकड्यापुढे कवट्या. विष जितके जहाल तितक्या कवट्या जास्त. अक्षर सुरेख होते, आकडेही कुठल्यातरी पुस्तकातून नीट उतरवून घेतलेले दिसत होते. तरीही तो तक्ता मला पटला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो करवून घेणाऱ्या गुरुजींना मी तसे सांगितले. ते नाराज झाले नाहीत. म्हणाले, “कुठे चुकले ते लिहून द्या, दुरुस्त करू.” ते एका पानात मावेना, म्हणून हा लेख.

आधीच सांगायला हवे, की दोष मुलांचा नाही. असेच तक्ते लोकप्रिय पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मी कितीतरी वेळा पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मुळाशी तोच प्रश्न असतो: सर्वांत विषारी कोण? या प्रश्नाने विषाबद्दल फारसे काही कळत नाही, असे माझे मत आहे.

मथळ्यापासून सुरुवात करू. यांतला एकही पदार्थ नेहमीच्या तापमानाला वायू नाही, सगळे द्रव आहेत. सरिन उकळते १५८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्याही कितीतरी वर. व्हीएक्सला जवळजवळ ३०० अंश लागतात आणि ते मोटारीच्या तेलासारखे दाट असते. ‘वायू’ हा शब्द पहिल्या महायुद्धातून चिकटला. १९१५ मध्ये ईप्र येथे सोडलेला क्लोरीन खरोखरच वायू होता. तेव्हापासून रासायनिक अस्त्र म्हटले की वायू, अशी सवय जडली.

शब्दाचा एवढा बाऊ कशाला, असे कुणी म्हणेल. तर २० मार्च १९९५ ची टोकियोची घटना पाहा. ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेले अशुद्ध सरिन ठेवले आणि छत्रीच्या टोकाने पिशव्या फोडल्या. डब्याच्या फरशीवर द्रव सांडला आणि हळूहळू त्याची वाफ होत गेली. तेरा माणसे मेली, पाच हजारांवर लोक रुग्णालयांत पोचले. त्यातली एक स्त्री पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळून राहिली आणि २०२० मध्ये गेली. पण मला सांगायचे आहे ते पुढचे. रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांनाही डोळे अंधुक होण्याचा, डोकेदुखीचा त्रास झाला, कारण रुग्णांच्या कपड्यांत शोषलेला द्रव रुग्णालयात येऊनही वाफ सोडत होता. वायू असता तर तो फलाटावरच राहिला असता. द्रव कपड्यांबरोबर घरी येतो. ही गोष्ट तुमच्या गावातल्या फवारणी करणाऱ्या माणसालाही लागू आहे. तिकडे येतोच.

दुसरा मुद्दा वर्गीकरणाचा. तक्त्यात नावांपुढे ‘जी गट’, ‘व्ही गट’ असे लिहिले होते. हा गटांचा पसारा शास्त्रीय वाटतो, पण त्याचा उगम अगदीच व्यावहारिक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे गेरहार्ड श्राडर हे रसायनतज्ज्ञ माव्यासारख्या किडी मारणारे नवे पदार्थ शोधत होते. त्यातून टाबुन निघाले. काही आठवड्यांतच श्राडर आणि त्यांचे सहायक स्वतःच आजारी पडले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, खोलीतला उजेड मंद वाटू लागला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. १९३८ मध्ये त्यांच्याच गटाने सरिन बनवले. १९४४ मध्ये सोमन आले. ते शोधणारे रिचर्ड कुन हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. युद्ध संपल्यावर हे सारे दोस्तांच्या हाती लागले आणि त्यांनी त्यावर ‘जी’ची चिठ्ठी लावली. जी म्हणजे जर्मन, बस्स. यात रसायनशास्त्र कुठेच नाही. आपल्याकडे ‘बंगाली रसगुल्ला’ म्हणावे तसलाच हा प्रकार.

‘व्ही’ची कथाही शेतातूनच निघते. १९५० नंतर इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत रणजित घोष कीटकनाशकांवर काम करत होते. त्यांच्या कामातून निघालेले ॲमिटॉन हे कीटकनाशक १९५४ मध्ये विक्रीला आले, आणि माणसालाही फारच घातक आहे असे दिसल्यावर मागे घेतले गेले. त्याच कुटुंबातून पुढे लष्करी प्रयोगशाळांनी व्हीएक्स घडवले. व्ही म्हणजे ‘व्हेनमस’ की ‘व्हिक्टरी’ की ‘व्हिस्कस’ यावर आजही वाद घालणारे आहेत. त्यांना घालू द्या.

आता तक्त्यातली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव. श्राडर यांनी टाबुन आणि सरिन शोधले हे तक्त्यात होते. पण त्याच श्राडर यांनी १९४४ मध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक शोधले, हे नव्हते. मोनोक्रोटोफॉस, फोरेट, क्लोरपायरिफॉस, डायमिथोएट, प्रोफेनोफॉस ही नावेही नव्हती. ही सारी ऑरगॅनोफॉस्फेट संयुगे, म्हणजे सरिनची भावंडे. (मराठीत त्यांना ‘सेंद्रिय फॉस्फेटे’ म्हणता येईल. पण ‘सेंद्रिय’ या शब्दाला बाजारात आता इतका वेगळा वास आहे, की तो येथे टाळलेलाच बरा.) ज्या शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी उभी आहे, त्या शाळेच्या तक्त्यात टोकियो आहे आणि शिवार नाही. याचे कारण भाषेत आहे असे मला वाटते. शेतावर आपण जे मारतो त्याला आपण विष म्हणतच नाही. ‘औषध मारतो’ म्हणतो. आणि गावात कुणी जिवाचे बरेवाईट करून घेतले, तर बातमी येते ती ‘औषध घेतले’ अशी. एकच शब्द दोन्हीकडे, आणि मुलाच्या कानावर तो लहानपणापासून पडत असतो.

आंतरराष्ट्रीय कायद्यालाही ही सीमारेषा आखताना कसरत करावी लागली. १९९७ मध्ये अंमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराला तीन याद्या जोडलेल्या आहेत. पहिल्या यादीत सरिन, सोमन, टाबुन, व्हीएक्स आणि त्यांचे जवळचे नातलग. नोव्हिचोक गटाची भर त्यात इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या २०१८ च्या विषप्रयोगानंतर, २०१९ मध्ये ठरली. एके काळी दुकानात मिळणारे ॲमिटॉन दुसऱ्या यादीत आहे. याच दुसऱ्या यादीत असा नियम आहे, की फॉस्फरसच्या अणूला मिथिल, इथिल किंवा प्रोपिल गट थेट जोडलेला असेल, तर तो पदार्थ नजरेखाली येईल. फोनोफॉस नावाचे कीटकनाशक नेमके या व्याख्येत बसते, म्हणून त्याला नाव घेऊन सूट दिलेली आहे! पॅराथिऑनमध्ये कार्बन ऑक्सिजनच्या आडून जोडलेला असतो, म्हणून ते कोणत्याच यादीत नाही. मी कराराला नावे ठेवत नाही. अस्त्रे ओळखण्यासाठी केलेली ती यादी आहे आणि ते काम ती करते. पण ती ‘विषारीपणाची यादी’ म्हणून भिंतीवर लागली, की मुलांना वाटते, यादीबाहेरचे सारे निर्धोक.

शरीराला मात्र यादी वाचता येत नाही. चेतातंतूचा संदेश स्नायूपर्यंत किंवा ग्रंथीपर्यंत पोचवण्याचे काम ॲसिटिलकोलिन हा पदार्थ करतो. काम झाल्याबरोबर ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याचे तुकडे करते. या विकराचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. त्याच्या खाचेत सेरीन या अमिनो आम्लाचा एक भाग असतो. ऑरगॅनोफॉस्फेटचा फॉस्फरस नेमका तेथे जाऊन चिकटतो आणि खाच बुजते. संदेश थांबतच नाही. बाहुल्या आकसतात, लाळ, घाम आणि डोळ्यांतले पाणी वाहू लागते, श्वासनलिका स्रावाने भरतात, स्नायू आधी फडफडतात, मग ढिले पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. कीटकातही हेच घडते. सरिन असो की मोनोक्रोटोफॉस, कुलूप तेच, किल्ल्या थोड्या वेगळ्या. (१९९६ च्या ‘द रॉक’ या चित्रपटात व्हीएक्स हिरव्या काचेच्या मण्यांत भरलेले दाखवले आहे आणि ते अंगावर पडताच कातडी सोलपटून निघते. मुलांनी तो टीव्हीवर पाहिलेला असतो. व्हीएक्स कातडी जाळत नाही. ते गुपचूप आत जाते, आणि भीतीचे कारण तेच आहे.)

आता कवट्यांपुढच्या आकड्यांकडे वळू. हा आकडा म्हणजे ‘एलडी-५०’, प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा. ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये ही कल्पना मांडली ती औषधांची ताकद मोजण्यासाठी. एका कारखान्याची डिजिटॅलिस दुसऱ्याच्या तोडीची आहे का, हे प्राण्यांवर तपासताना एक स्थिर माप हवे होते. त्या कामाला ते उत्तम होते. पण आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्या लागतात: कोणता प्राणी, कोणत्या वाटेने, आणि किती शुद्ध पदार्थ? तक्त्यात यातले एकही नव्हते.

वाट बदलली की चित्र कसे बदलते पाहा. श्वासावाटे सरिन आणि व्हीएक्स दोन्ही अतिशय घातक. कातडीवर मात्र दोघांत शंभर पटींहून अधिक फरक पडतो, कारण सरिनचा बराचसा भाग आत शिरण्याआधीच उडून जातो आणि व्हीएक्स जागचे हलत नाही. मग कवट्या किती काढायच्या? शिवाय माणसासाठी दिलेले बहुतेक आकडे प्राण्यांवरून काढलेले अंदाज आहेत. माणसांवरची जी थोडी निरीक्षणे आहेत ती कशी मिळाली, हे सांगण्यासारखे आहे. मे १९५३ मध्ये इंग्लंडच्या पोर्टन डाउन येथे रोनाल्ड मॅडिसन या वीस वर्षांच्या हवाईदलातील तरुणाच्या हातावरच्या कापडावर सरिनचे थेंब टाकले गेले आणि तो मेला. हा मृत्यू बेकायदा होता, असा निर्णय द्यायला २००४ साल उजाडावे लागले. आकड्याला दशांश चिन्ह असते म्हणून तो स्वच्छ असतोच असे नाही.

आपल्या कीटकनाशकांच्या डब्यांवरचे रंग याच आकड्यावर ठरतात. १९७१ च्या नियमांप्रमाणे तोंडावाटे एलडी-५० किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल त्रिकोण आणि कवटी, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यावर हिरवा. कातडीसाठी वेगळा रकाना नियमात आहे, पण दुकानात रंग एकच दिसतो. या पद्धतीला मी निरुपयोगी म्हणणार नाही. श्रीलंकेने १९९५ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत जहाल वर्गातली कीटकनाशके बंद केली आणि पुढच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या आकड्याला मी नावे ठेवतो आहे, त्यानेच हजारो जीव वाचवले, हे मान्य केले पाहिजे. भारतातही फोरेट, फॉस्फॅमिडॉन, डायक्लोरव्हॉस अशा काहींवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. फोरेटचा, म्हणजे गावच्या भाषेत ‘थायमेट’चा, उंदरांवरचा आकडा किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम. तक्त्यात तो शोभला असता.

गडबड होते ती मधल्या रंगांत. याच श्रीलंकेत मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांनी क्लोरपायरिफॉस, डायमिथोएट किंवा फेन्थिऑन पोटात गेलेल्या ८०२ रुग्णांची पाहणी केली. ती २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही कीटकनाशके एकाच वर्गातली, ‘मध्यम घातक’. त्यांतल्या दोघांचे उंदरांवरचे आकडे तर जवळजवळ सारखेच. पण माणसे दगावण्याचे प्रमाण एकात ८ टक्के, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात २३. (कोणाचे किती हे मुद्दामच लिहीत नाही. शाळेत फिरणारे मासिक आहे.) मरण्याची रीतही वेगळी होती. एकात रक्तदाब कोसळून लवकर मृत्यू येत होता, दुसऱ्यात श्वासाचे स्नायू उशिरा हात टेकत होते. उंदरांवरून एका खान्यात घातलेली तीन विषे माणसात तीन वेगळे आजार निघाली.

शुद्धतेचे उदाहरण पाकिस्तानातले आहे. मॅलॅथिऑन हे या कुटुंबातले त्यातल्या त्यात सौम्य, कारण सस्तन प्राण्यांचे यकृत त्याचे चटकन तुकडे करते. १९७६ मध्ये हिवताप निर्मूलनासाठी ते फवारणाऱ्या सुमारे २८०० कामगारांना विषबाधा झाली आणि पाच जण मेले. साठ्यात पडून पडून मॅलॅथिऑनच्या काही भागाचे आयसोमॅलॅथिऑन झाले होते, आणि ते नेमके मॅलॅथिऑनचा नाश करणारे विकरच बंद पाडते. लेबलावरचा आकडा खोटा नव्हता. फक्त डब्यातला पदार्थ आता तो राहिला नव्हता.

आणि यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्याअखेर त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले, वीसहून अधिक मेले. वापरात असलेल्या मिश्रणांत प्रोफेनोफॉस होते, म्हणजे पिवळा त्रिकोण. झाड डोक्याला लागेल एवढे वाढलेले, हवा दमट, अंगात साधा सदरा, पाठीवरचा पंप गळका, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात फवारणी आणि उद्या पुन्हा तेच. या माणसाने काही प्यायलेले नव्हते. एकदाच पाजून दोन आठवडे पाहिलेल्या उंदराला यातले काहीही माहीत नसते. टोकियोच्या परिचारिकांना कपड्यांनी जे केले, ते भिजलेला सदरा येथे रोज करत होता. विकराची भरपाई व्हायला आठवडे लागतात, आणि रोज थोडे थोडे बुजत गेले तर एखाद्या दिवशीची किरकोळ मात्राही पुरते.

याच ठिकाणी वर्गीकरणाची एक दुसरी रीत सुचवतो. शाळेच्या पुस्तकांत मी ती कधी पाहिलेली नाही, पण डॉक्टरांना ती फार कामाची आहे. विष विकराला चिकटले की काही वेळाने त्या जोडणीतला एक तुकडा गळतो आणि गाठ कायमची बसते. इंग्रजीत याला ‘एजिंग’ म्हणतात, मी ‘गाठ पक्की होणे’ म्हणेन. तोपर्यंत प्रॅलिडॉक्सिमसारखे औषध विकर सोडवू शकते, नंतर नाही. सोमनची गाठ काही मिनिटांत पक्की होते, सरिनची काही तासांत, व्हीएक्सला दिवसाहून अधिक लागतो. कीटकनाशकांत ज्यांना दोन मिथिल गट असतात, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस आणि डायमिथोएट, त्यांची निम्मी गाठ पावणेचार तासांच्या आसपास पक्की होते. ज्यांना दोन इथिल गट असतात, उदाहरणार्थ पॅराथिऑन आणि क्लोरपायरिफॉस, त्यांना तीस तासांवर लागतात. एका कार्बनच्या फरकाने एवढी मुदत बदलते. शेतापासून रस्त्यापर्यंत, तेथून वाहन मिळेपर्यंत आणि मग जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत किती तास लागतात, ते तुम्हीच मोजा. म्हणूनच डबा किंवा त्यावरचे नाव डॉक्टरांसमोर आले तर फार फरक पडतो. दुसरे औषध ॲट्रोपिन. ते गाठ सोडवत नाही, स्राव आणि मंदावलेले हृदय सावरते. धोतऱ्यात ॲट्रोपिन असते हे मुलांना सांगताना इतके जरूर सांगा, की धोतरा पाजणे म्हणजे एका विषावर दुसरे विष. ॲट्रोपिनची मात्रा डॉक्टर रुग्णाकडे पाहत पाहत, मिनिटामिनिटाला ठरवतात.

शिक्षकांनी विसरू नये अशी आणखी एक तारीख जुलै २०१३ ची. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुपारच्या जेवणानंतर २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेले होते. डबा धुतला की तो डबाच, असे आपल्या घरांतही समजतात.

गुरुजींचे पत्र गेल्या महिन्यात आले. नव्या तक्त्यावर ‘वायू’ हा शब्द नाही आणि कवट्याही नाहीत. सरिनच्या शेजारी प्रोफेनोफॉस आहे. मुलांनी गावातल्या दुकानात जाऊन, डब्यांना हात न लावता, पाट्यांवरची नावे उतरवून आणली आणि त्यांतली या कुटुंबातली कोणती ते शोधले. रकाने आता असे आहेत: कशासाठी बनवले, द्रव की भुकटी, कोणत्या वाटेने आत जाते, गाठ किती वेळात पक्की होते, उंदराला किती. शेवटचा रकाना ‘माणसाला किती’ असा आखून कोरा ठेवला आहे, आणि त्यात काय भरू, असे त्यांनी विचारले आहे. कोराच राहू द्या, असे मी कळवले.